करपलेल्या रसाची बारा वर्षं

अदेल्मो मोंतोर्सी मूळचा शिरक्याच्या घरातला नव्हे. त्याचे वडील मोदेनाच्या उत्तरेला, सपाटीवर, दुसऱ्याच्या शेतात राबायचे. त्या घराला माळाच नव्हता, मग माळ्यावर पिंपं कुठून असणार? तळघर होतं, त्यात वाइनची दोन पिंपं होती, आणि शिरका म्हणजे त्यातली जी वाइन आंबून जाईल ती. कोशिंबिरीवर ओतायची, विषय संपला.

१९७१ साली त्याचं झाइराशी लग्न झालं. पानारो नदीकाठच्या तिच्याच गावात दोघांनी घर केलं, कारण अदेल्मोला टाइल्सचा कारखाना तिथून जवळ पडायचा. झाइरा नवऱ्याच्या घरी आली ती पाच पिंपं घेऊन. ती जन्मली त्या साली तिच्या बापाने, गाएतानोने, ती लावली होती. त्या भागात मुलगी झाली की पिंपांची एक ओळ लावतात आणि लग्नात ती मुलीबरोबर जाते. पहिलं पिंप ओकचं, सगळ्यांत मोठं. मग चेस्टनटचं, चेरीचं, तुतीचं. आणि शेवटचं ज्युनिपरच्या लाकडाचं, इतकं लहान की बाईमाणसाने काखेत मारून न्यावं.

पिंपं बैलगाडीतून आली तेव्हा झाइरा चुलीपाशी होती. अदेल्मोने आपल्या अंगावर घेऊन, घामाघूम होत, पाचही पिंपं तळघरात नीट लावली. थंडगार जागा, अंधार, वर ओली पोती. चांगल्या वस्तूला चांगली जागा द्यावी एवढाच त्याचा हेतू होता. रविवारी सासरा जेवायला आला, जिना उतरून खाली गेला आणि तसाच वर आला.

"यांनी काय गुन्हा केला होता, जावईबापू?" त्याने विचारलं.

"कुणी?"

"माझ्या पिंपांनी. तुरुंगात टाकलंत म्हणून विचारतो."

शिरक्याला उन्हाळ्यात कौलांखालची भट्टी लागते आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. त्याखेरीज तो मुरत नाही. हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं, अदेल्मोला नव्हतं. त्याच दिवशी पाचही पिंपं दोघांनी माळ्यावर चढवली. पुढची कित्येक वर्षं झाइरा कुणाला नवऱ्याची ओळख करून देताना म्हणायची, "हे आमचे तळघरवाले."

तो हसायचा. बोलायचं त्याला सुचत नसे, आणि सुचलं तरी ती संधी निघून गेल्यावर.

काम मात्र तो शिकला. दर जानेवारीत शेवटच्या पिंपातून घरापुरता शिरका काढायचा. तिथे जी जागा झाली ती चौथ्यातून भरायची, चौथ्यातली तिसऱ्यातून, असं करत मागे मागे जायचं आणि पहिल्या मोठ्या पिंपात त्या हंगामाचा नवा रस ओतायचा. रस म्हणजे द्राक्षं चुरडून, उघड्या कढईत मंद आंचेवर दिवसभर आटवलेला, काकवीसारखा. आज पहिल्या पिंपात जे पडलं ते शेवटच्यात उतरायला दहा-बारा वर्षं लागतात. वाटेत ते मुरतं, दाट होतं, दुसऱ्यात मिसळतं. पण पुरतं नाहीसं होत नाही. चांगलं नाहीसं होत नाही आणि वाईटही नाही.

वाईट घडलं ते १९९६ च्या सप्टेंबरअखेर. त्या वर्षी गारपिटीने द्राक्षं झोडपली होती, जेमतेम एका कढईपुरता रस निघाला. आणि नेमक्या रस आटवायच्या दिवशी त्यांच्या मुलीला, मिलेनाला, कळा सुरू झाल्या. झाइरा पहाटेच मोदेनाला दवाखान्यात गेली. जाताना म्हणाली, "आंच वाढवू नकोस. फेस काढत राहा. आणि कढई सोडून कुठे जाऊ नकोस."

"मी भट्टीवरचा माणूस आहे," अदेल्मो म्हणाला. कारखान्यात तो पंचवीस वर्षं भट्टीच सांभाळत होता. टाइल किती भाजली ते नुसतं रंगावरून सांगायचा.

दुपारी चारला आत फोन वाजला. मुलगी झाली, आई-लेक सुखरूप, नाव आलीचे. तो परत अंगणात आला तोवर दहा मिनिटं गेली असतील. रसाच्या वासात दुसरा एक वास होता. त्याने पळी खाली घातली तर तळाला काहीतरी चिकटलेलं. रस त्याने लगेच दुसऱ्या भांड्यात ओतून घेतला, थोडा थंड करून चाखला. वरवर गोड, पण गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडू.

असा रस फेकून द्यायचा असतो. तेही गावातल्या पोरांना माहीत आहे. पण तो फेकला तर पहिल्या पिंपात ओतायला काही नव्हतं, आणि गाएतानोने दुष्काळाच्या सालातसुद्धा एक वर्ष चुकवलं नव्हतं. शिवाय झाइराला सांगावं लागलं असतं. ती रात्रीच्या गाडीने आली तीच नाचत आली. "तुझे कान आहेत पोरीला," म्हणाली, "बिचारी." करपल्याचं अदेल्मोने सांगितलं नाही. जानेवारीत त्याने तो रस स्वतः पहिल्या पिंपात ओतला.

पुढच्या वर्षी त्याने पहिलं पिंप चाखलं. कडूपणा होता. त्यानंतर तो दुसऱ्यात सापडला, मग काही वर्षांनी तिसऱ्यात, मग चौथ्यात. घरात एखादा आजार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकावा तसं त्याला वाटायचं. कधी वाटायचं, गेला. कधी वाटायचं, माझं नाकच बरोबर नाही. मग गावातल्या शिरका-मंडळाच्या चाखणाऱ्यांच्या वर्गात त्याने नाव घातलं, नाक आणि जीभ तयार करायला. पन्नाशीचा माणूस, पहिल्या बाकावर बसायलाही लाजायचा. आधी शिकाऊ, मग चाखणारा, मग जाणता अशा पायऱ्या तो हळूहळू चढला. प्रत्येक परीक्षेत तो पास व्हायचा. शेवटची पायरी मास्तरची. ती परीक्षा २००८ च्या शरद ऋतूत होती.

झाइराला याचं फार कौतुक. शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती, तिथे भाज्या चिरता चिरता सांगायची, "सपाटीवरच्या माणसाला आमच्या शिरक्याची गोडी लागली बघा."

त्या वर्षी जानेवारीत अदेल्मोला न्यूमोनिया झाला. पिंपं भरायचं काम झाइराने एकटीने केलं. त्यामुळे कडूपणा शेवटच्या पिंपात उतरला की नाही हे त्याला कळलं नाही. बरा झाल्यावर माळ्यावर जाऊन चमचा बुडवायला दोन मिनिटं लागली असती. मार्च गेला, एप्रिल गेला. तो गेला नाही.

जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाला गावात शिरक्याची स्पर्धा असते. शेकड्यांनी बाटल्या येतात, त्यांवर नाव नसतं, नुसता आकडा. त्या वर्षी अदेल्मोला पहिल्यांदा स्पर्धेच्या टेबलावर, गुण द्यायला बोलावलं. आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, त्याने पाहिलं की झाइराने शेवटच्या पिंपातला शिरका एका छोट्या बाटलीत भरला, ती फडक्यात गुंडाळली आणि सायकलच्या टोपलीत ठेवून मंडळाच्या कचेरीकडे गेली. टेबलावर बसणाऱ्याने आपल्या घरच्या बाटलीबद्दल विचारायचं नसतं आणि घरच्यांनी सांगायचं नसतं. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी दहाला टेबल लागलं. चाखणारे सकाळी कॉफी घेत नाहीत, लसूण खात नाहीत, दाढीला वासाचं काही लावत नाहीत. अदेल्मो सुका पाव खाऊन आला होता. टेबलाचे प्रमुख ओरेस्ते बेर्गोंझिनी. औषधांचं दुकान चालवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, त्यांना सगळे मास्तर म्हणत. शेजारी अफ्रा, जिच्या चेरीच्या बागा होत्या. आणखी दोघं. मध्ये एक मेणबत्ती, कारण शिरक्याचा रंग आणि दाटपणा ज्योतीसमोर धरूनच बघतात.

चार नमुने झाले. पाचवा आला, आकडा एकतीस. अदेल्मोने बाटली ज्योतीसमोर हलवली, काचेवरून शिरका संथ उतरला. नाकाशी धरली. ज्युनिपरचा वास. चमच्याने चाखला, थांबला, गिळला. आणि मागे, जिभेच्या मुळाशी, तो आला.

आपला नमुना ओळखला की उठायचं, असा नियम होता. उठून म्हणायचं, "हा मी बघू शकत नाही," की तो दुसऱ्या टेबलावर जातो. पण उठलं की सगळ्यांना कळणार हा मोंतोर्सींचा. मग दुसऱ्या टेबलावरचे तो नाव घेऊन चाखणार, आणि पुढे बारा निवडक नमुन्यांत गेला तर गावातली सगळ्यांत तयार नाकं त्यावर वाकणार. कुणीतरी म्हणणारच, गाएतानोच्या पिंपात करपलेला रस! त्यापेक्षा इथेच, बिननावाचा, गुपचूप पडू दे. अदेल्मोने कागदावर चारशेपैकी एकशे नव्वद लिहिलं. प्रामाणिकपणे मोजले असते तर दोनशे पंधरा तरी द्यावे लागले असते, हेही त्याला माहीत होतं.

ओरेस्तेंनी कागद गोळा केले आणि त्याचा कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"एकशे नव्वद? अदेल्मो, आज चष्मा घरी राहिला की नाक?"

"दोन्ही आहेत, मास्तर."

"अफ्राचे अडीचशे. माझे दोनशे पंचेचाळीस. या दोघांचे दोनशे चाळीसच्या आसपास. एवढं अंतर चालत नाही. बोल, काय सापडलं?"

"करपलंय."

"काय?"

"आटवताना रस तळाला लागलाय. लगेच कळत नाही. गिळल्यावर कडूपणा येतो."

"मला तर पिकलेली चेरी लागली," अफ्रा म्हणाली.

"तुला शिरक्यात चेरी लागते, कॉफीत लागते, पाद्रीबाबांच्या प्रवचनातही लागते," पलीकडचा म्हणाला. "हंगाम आहे ना विकायचा."

"तू गप रे. तुझ्या नाकाला तर काहीच लागत नाही, नुसतं चेहऱ्यावर बसलंय."

"पुन्हा चाखा," ओरेस्ते म्हणाले.

सगळ्यांनी पुन्हा चाखलं. मग अफ्रा म्हणाली, "हं. आहे खरं थोडं. मागे." पलीकडच्यानेही मान हलवली. ओरेस्तेंनी भुवया वर केल्या.

"हा म्हणाला म्हणून लागतंय, की आहे म्हणून लागतंय?" ते म्हणाले. पण बाकीच्यांसारखे पेन्सिल उचलून त्यांनीही वीस गुण कमी केले. सरासरी दोनशे सतरावर आली. नमुना बाजूला गेला.

अदेल्मो घरी आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. झाइराने पालक आणि रिकोट्टा चीज भरून पास्त्याचे तोर्तेल्लोनी केले होते, लोणी कढत होतं, टेबलावर पाण्यात चेरी ठेवल्या होत्या.

"झालं का न्यायाधीशसाहेबांचं?" तिने विचारलं. "किती जणांना फाशी?"

त्याने खुर्ची ओढली. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याला जरा मोकळं वाटत होतं. संपलं एकदाचं.

"झाइरा, मी विचारायचं नसतं, पण आता आमच्या टेबलाचं सगळं संपलंय. आपला या वर्षी वर जाईल असं धरून बसू नकोस."

"आपला कुठला?"

"तू दिलेला. सोमवारी सायकलवरून घेऊन गेलीस तो."

"गेले आणि परत आले. बघ, साखरेच्या डब्यामागे आहे." तिने ताटात तोर्तेल्लोनी वाढले. "कचेरीतल्या बाईने विचारलं, तुमचे हे यंदा टेबलावर आहेत ना? तिने आपलं सहज विचारलं. पण माझ्या मनात आलं, बारांत आलो तर गाव म्हणेल नवऱ्याने गुण वाटले. नाही आलो तर म्हणेल, एवढा शिकला पण घरचा शिरका ओळखता येत नाही. दोन्हीकडून जोडे मलाच. फडक्यात गुंडाळली आणि आणली माघारी. खा ना. थंड होतंय."

अदेल्मोने कपाट उघडून बघितलं. साखरेच्या डब्यामागे बाटली होती, फडक्यासकट.

"मग तो कुणाचा होता?" तो म्हणाला.

"कोण?"

तो उभाच राहिला होता. झाइराने लोण्याखालचा गॅस बंद केला, त्याच्याकडे बघितलं आणि खाली बसली. मग अदेल्मोने सांगितलं. एकतीस नंबरपासून सुरू केलं आणि मागे मागे जात १९९६ पर्यंत पोहोचला. गारपीट, कढई, फोन, पळीला लागलेलं चिकट काहीतरी. सांगताना त्याच्या लक्षात आलं की ही गोष्ट त्याने मनातल्या मनात इतक्या वेळा घोकली होती की ती पाठ झाली होती, पण मोठ्याने बोलताना ती फार छोटी निघाली.

झाइराने एक चेरी उचलली आणि परत पाण्यात टाकली.

"बारा वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की माझ्या नवऱ्याला शिरक्याची गोडी लागली. बहिणीला सांगितलं. पाद्रीबाबांना सांगितलं. शाळेत मुलांच्या जेवणाला उशीर झाला तरी सांगत बसले."

"गोडीही लागली नंतर."

"गप. सांगितलं का नाहीस?"

"तू दवाखान्यातून आलीस ती इतकी खूश होतीस—"

"त्या दिवशी नाही रे. नंतर. बारा वर्षांत मी एक दिवसही नाखूश नव्हते? कित्येक दिवस होते! कुठल्याही दिवशी सांगायचंस!"

ती उठली, त्याच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं.

"जा आता."

"कुठे?"

"मास्तरांकडे. तुझ्यामुळे कुणाचा तरी शिरका बाद झालाय. त्यानेही माळ्यावर वीस-तीस वर्षं घातली असतील. त्याचं आधी निस्तर. आपल्या पिंपाचं मग बघू. तोवर मी त्याच्या तोंडावरचा दगडही उचलणार नाही."

ओरेस्ते बनियनवर टोमॅटोंना पाणी घालत होते. ऐकता ऐकता त्यांनी नळ बंद केला. अदेल्मोने सगळं सांगितलं, ज्युनिपरचा वास, एकशे नव्वदचा आकडा, आणि दोनशे पंधरा द्यायला हवे होते हेही.

"नियम काय आहे?" ओरेस्तेंनी विचारलं.

"ओळखला की उठायचं."

"उठलास?"

"नाही, मास्तर."

"आता तुझा नव्हताच तो, तर उठायचं कशाला, असं म्हणणारा एखादा वकील तुला मिळेल. मी वकील नाही." ते पायरीवर बसले. "मला तुझं नवल नाही वाटत. मला आमचं वाटतं. एकाने करपलं म्हटलं आणि चौघांच्या जिभा करपल्या. माझीसुद्धा. चाळीस वर्षं चाखतोय मी."

"काय करायचं?"

"तू काही करायचं नाहीस. एकतीस नंबर सोमवारी दुसऱ्या टेबलावर जाईल, तिथल्या कुणालाही यातलं काही न सांगता. तू या वर्षी टेबलावर नाहीस."

"बरोबर आहे."

"आणि मास्तरची परीक्षा यंदा नाही. पुढच्या वर्षीही मला विचारायला येऊ नकोस. वाटेल तेव्हा मी बोलावीन."

अदेल्मोने मान हलवली. परीक्षेसाठी त्याने झाइराच्या नकळत एक नवा कोट शिवायला टाकला होता. शिंप्याकडे जाऊन कोट नको म्हणून सांगावं लागणार, हाच विचार त्या वेळी त्याच्या डोक्यात आला. मोठ्या दुःखाच्या वेळी माणसाला असलंच काहीतरी सुचतं.

तो फाटकापाशी पोहोचल्यावर ओरेस्तेंनी हाक मारली. "झाइराला सांगितलंस?"

"आधी तिलाच."

"काय म्हणाली?"

"ओरडली."

"मग ठीक आहे," ओरेस्ते म्हणाले आणि त्यांनी नळ पुन्हा सुरू केला.

सोमवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. दुसऱ्या टेबलावर कुणालाही करपलेलं लागलं नाही. दोनशे अडतीस मिळाले. पण बारांत यायला त्या वर्षी दोनशे पन्नासच्या वर हवे होते.

"म्हणजे माझ्यामुळे नाही गेला?"

"तुझ्यामुळे नाही गेला. आणि तुझ्यामुळे आलाही नाही. आपापल्या गुणांवर पडला."

"कुणाचा होता?"

"ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी तुला सांगितलं नसतं."

तेव्हापासून अदेल्मो गावात जो भेटेल त्याला टोपी काढून नमस्कार करतो. नमुने शेकड्यांनी आले होते, तेव्हा त्यांतला एकतीस नंबरवाला कोण, हे कळायला मार्ग नाही. खाटीक, पोस्टातली बाई, पेट्रोल पंपावरचा, सगळ्यांनाच. लोकांना वाटतं वयाबरोबर माणूस नम्र झाला. अफ्राला तर त्याने एकदा बाजारात दोनदा नमस्कार केला, तेव्हा ती म्हणाली, "काय रे, निवडणुकीला उभा आहेस काय?"

पण हे नंतरचं. मंगळवारी सकाळी झाइराने कामावरून रजा घेतली आणि म्हणाली, "चल वर."

माळ्यावर नऊ वाजताच कौलं तापली होती. आंबट-गोड, लाकडी वास नाकात चढत होता. पिंपं आडवी, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने. प्रत्येकाच्या तोंडावर पांढरा फडका आणि त्यावर नदीतला गुळगुळीत दगड. झाइराने शेवटच्या पिंपावरचा दगड काढला, फडका बाजूला केला, काचेच्या नळीने थोडा शिरका काढून चिनी मातीच्या चमच्यात घेतला. अदेल्मो हात पाठीमागे बांधून उभा होता.

तिने कधी वर्ग केले नव्हते. मेणबत्ती नाही, कागद नाही, गुण नाहीत. पण पाळण्यात होती तेव्हा तिच्या जिभेला बापाने याच पिंपातलं बोट लावलं होतं. तिने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, गिळलं. खाली रस्त्यावरून एक मोटार गेली तरी तिचे डोळे मिटलेलेच.

"आहे," ती म्हणाली.

अदेल्मोने श्वास सोडला.

"त्या दिवशी फोनवर किती वेळ होतास?"

"दहा मिनिटं."

"हे दहा मिनिटांचं नाही." तिने आणखी थोडा चाखला. "अर्धा तास आहे हा. पाऊण तासही असेल. खरं सांग."

अदेल्मो आठवू लागला. फोन. मिलेनाच्या नवऱ्याचा आवाज. मग कुंपणापलीकडून शेजाऱ्याने विचारलं होतं, काय झालं, मुलगा की मुलगी? आणि तो थंडगार लांब्रुस्को वाइनची बाटली घेऊन आत आला होता. स्वयंपाकघरात दोघं उभ्या उभ्या प्यायले होते, खिडकीला पाठ करून. हे इतकी वर्षं कुठे गेलं होतं? त्याला खरंच आठवलं नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

"शेजारी आला होता," तो म्हणाला. "बाटली घेऊन."

"किती ग्लास?"

"दोन."

झाइरा नुसती बघत राहिली.

"तीन," अदेल्मो म्हणाला.

"हं." तिने चमचा पुसला, पुन्हा भरला आणि त्याच्यापुढे धरला. "घे."

त्याने चाखला. इतकी वर्षं ज्याला तो घाबरत होता ते मागून आलं, जिभेच्या मुळाशी, कडवट. होतंच ते. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं, पण होतं.

"स्पर्धेला द्यायचा नाही," झाइरा म्हणाली. "अजून किती वर्षं, ते तू बघ, नाक तुझं शिकलेलं आहे. घरात मात्र रोज खायचा. पाहुण्यांनाही वाढायचा. कुणी विचारलं तर सांगायचं."

"काय सांगायचं?"

"आलीचे जन्मली त्या दिवशी करपला म्हणून. आणखी काय आहे त्यात सांगण्यासारखं?"

तिने फडका बसवला, दगड ठेवला आणि पदर झाडावा तसा एप्रन झाडून ती शिडीकडे वळली. अदेल्मोने नळीत राहिलेला शिरका एका छोट्या बाटलीत सोडला. तीन-चार चमचे होता. दुपारच्या जेवणाला पुरणार होता.